ओसरीवर न आलेली संध्याकाळ

मोड आलेले कडवे वाल सोलायच्या आमच्या घरात दोन पद्धती होत्या. वृषाली वाल चिमटीत धरून अंगठ्याने हलकेच दाबायची, की आतला दाणा मोडासकट टुणकन परातीत पडायचा. मी नखाने साल काढायला जायचो आणि हटकून मोड तोडायचो. "तुझ्या हातचं बिरडं म्हणजे मुंज झालेलं बिरडं," असं ती म्हणायची. हे मला नीट आठवतं, कारण हे जुनं आहे, आजाराच्या आधीचं. या हकिगतीत काही आठवलेलं आहे आणि काही मला नुसतं सांगितलेलं आहे. कुठलं कुठलं ते मी जागोजागी सांगत जाईन, कारण तो फरक मला फार महागात पडला आहे.

मी मंदार टिपणीस. सत्तरी जवळ आली आहे. पनवेलला अठराव्या मजल्यावर राहतो. एका खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो आणि दुसरीतून विमानांची पोटं. बायको वृषाली, तिच्याविषयीच हे सगळं आहे. मुलगी शाल्मली. एवढं हौसेने ठेवलेलं नाव, पण घरात तिची शालूच झाली, त्याला इलाज नाही. ती माझ्यासारखीच प्रोग्रॅमर आहे, घरूनच काम करते. तिच्या लग्नाचा विषय काढायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे आणि तो मी इतर सगळं विसरलो तरी विसरत नाही.

सहा वर्षांपूर्वी मला मेंदूचा ताप आला. त्या साथीत पुष्कळांना आला, बरेच गेले, मी राहिलो. पण मेंदूच्या खालच्या अंगाला समुद्रघोड्याच्या आकाराचा एक छोटासा भाग असतो, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, ते दोन्ही माझे जळाले. तुम्ही दिवसभर जे बघता, ऐकता, ते आधी या समुद्रघोड्यांपाशी जमा होतं. मग झोपेत ते थोडं थोडं करून मेंदूच्या बाहेरच्या थरात उतरवलं जातं, आणि तिथे गेलं की पक्कं होतं. माझ्या बाहेरच्या थराला काहीच झालं नव्हतं. त्यामुळे लग्न, नोकरी, शालूचे पहिले दात, सगळं शाबूत होतं. नवीन मात्र काही टिकेना. हॉस्पिटलात मी दर दहा मिनिटांनी वृषालीला विचारत होतो म्हणे, की आपण इथे कशाला आलोय.

मग डॉक्टर नसीम परकार यांनी माझ्या डोक्यात एक चकती बसवली. समुद्रघोड्यांचं काम ती चकती करते. दिवसभराचं सगळं ती धरून ठेवते आणि रात्री झोपेत बाहेरच्या थरावर लिहिते. अडचण एकच होती. लिहिताना ती तापते. फार वेळ लिहू दिलं तर आसपासचा मेंदू भाजेल. त्यामुळे एका रात्रीत जेमतेम पाऊण तासाचा ऐवज लिहून होतो. बाकीचा दिवस सकाळी पुसून जातो, चकती नव्या दिवसासाठी रिकामी होते. म्हणून दिवसातलं ठेवायचं काय ते कुणीतरी झोपण्यापूर्वी निवडावं लागतं.

डॉक्टर मला हे समजावत होत्या तेव्हा मला हसू आलं होतं, असं शालू सांगते. जन्मभर मी तेच तर केलं होतं. प्रोग्रॅमर लोक कोड लिहितात, त्यात दिवसभर बदल करतात, पण सगळे बदल आपोआप पक्के होत नाहीत. त्यातले कुठले बदल पक्के करायचे ते आधी निवडून एका बाजूला ठेवायचे असतात. त्याला आम्ही स्टेज करणं म्हणायचो. मग बाजूला ठेवलेलं तेवढं कमिट करायचं, म्हणजे कायमचं नोंदवायचं. शालू बारा वर्षांची असताना मी तिला हे घराच्या भाषेत शिकवलं होतं. दिवसभराचा पसारा अंगणात. निवडलेलं ओसरीवर. ओसरीवरचं तेवढं माजघरात. अंगण, ओसरी, माजघर यातलं काहीएक तिने पाहिलेलं नव्हतं, तिचा जन्म लिफ्टच्या इमारतीतला. पण तिला समजलं.

आणि लगेच ती चुकलीही. शाळेसाठी एक छोटा प्रोग्रॅम तिने केला, ओसरीवर ठेवला, मग त्यात एक चूक दिसली म्हणून दुरुस्त केला आणि कमिट केला. शाळेत सगळ्यांसमोर चालवला तर चूक तशीच. घरी येऊन रडली. "मी दुरुस्त केलं होतं बाबा, खरंच केलं होतं." मी तिला मांडीवर घेतलं, तशी ती मांडीच्या बाहेर गेली होती. सांगितलं, "तू ओसरीवर ठेवलंस ना, तेव्हाच त्याचा फोटो निघाला. आत जातो तो फोटो. नंतर तू अंगणात कितीही सुधार, फोटोतलं सुधारत नाही. सुधारलं की परत ठेवायचं." हे मला अगदी आठवतं. तिचं नाक गळत होतं आणि तिने ते माझ्या बाहीला पुसलं.

तर चकती बसल्यावर आमच्या घरात तीच भाषा आली. संध्याकाळी शालू टॅबलेट घेऊन माझ्याजवळ बसायची. त्यावर दिवसाचे नुसते मथळे उमटायचे. माणूस कोण, जागा कुठली, हातात काय होतं. आत काय घडलं ते तिला दिसायचं नाही, ते फक्त मला ठाऊक, आणि तेही झोपेपर्यंत. मी सांगायचो, हे ठेव, हे राहू दे. ठेवलेल्या मथळ्यावर हिरवी खूण यायची. ठेवल्यानंतर त्यात आणखी काही घडलं, तर खुणेखाली एक पिवळा ठिपका यायचा. रोजचं काम, दात घासण्यासारखं.

घरात कॅमेरे नव्हते. वृषालीने लावू दिले नाहीत. नवरा यंत्रावर चालतोय तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं होतं म्हणे.

आता तो दिवस सांगतो. हा मला आठवतो, अगदी लख्ख, परातीतल्या कोमट पाण्याच्या वासासकट.

शनिवारची दुपार होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मध्ये परात, एका बाजूला वृषाली, एका बाजूला मी. सोलता सोलता तिने सहज विचारलं, "तुझ्या आजारानंतर हरिहरेश्वरला गेलो होतो ते आठवतं तुला?"

"आठवतं की. गाडी बंद पडली होती. शालू खडकावरून घसरली."

"आणि मी?"

"तू होतीस ना."

"कुठे होते?"

मी आठवून पाहिलं. गाडीचं उघडलेलं बॉनेट दिसलं. शालूचा ओला गुडघा दिसला. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली होती, तो हात दिसला. "होतीस," मी म्हटलं, "बाजूलाच कुठेतरी."

तिने हातातला वाल खाली ठेवला. "बरं, ते जाऊ दे. आजारापासूनचं माझं काहीही एक सांग. मी काही बोलले असेन, हसले असेन. कुठलंही."

मी सहा वर्षं चाळून पाहिली. सांगायला काही नव्हतं. मॅच होत्या, शालूच्या बढतीचा दिवस होता, खिडकीबाहेर अडकलेला पतंग होता, परकारबाईंशी झालेल्या गप्पा होत्या. वृषाली सगळीकडे होती आणि कुठेच नव्हती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला वाटलं की हे थट्टेवारी न्यावं. जन्मभर मला असंच वाटत आलंय आणि जन्मभर ते चुकीच्या वेळी वाटत आलंय.

"अगं, ओसरीवर बदललेलंच ठेवतात," मी म्हटलं. "न बदललेली फाइल कुणी परत ठेवत नाही. ती आत असतेच. तू रोज तीच असतेस, त्याला मी काय करू?"

"आत असते?" ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वीची असेल. त्यानंतरची मला तू आत घेतलंयस कधी? रोज सकाळी उठलास की काल काय झालं ते तुला कोण सांगतं रे? गोळ्या कोण देतं? बाहेर पडलास की तुझ्या खिशात पत्त्याची चिठ्ठी कोण ठेवतं?"

"तूच. पण ते रोजचंच आहे ना वृषाली."

"हो. रोजचंच आहे." तिने पदराला हात पुसले. साडी ती क्वचित नेसायची, त्या दिवशी का नेसली होती कोण जाणे. "मग सोल आता तूच. सगळे सोल. मी नाही बसणार तुझ्याबरोबर."

ती उठली, आत गेली आणि बेडरूमचं दार लावून घेतलं. तिचा राग मला माहीत होता. रागावली की ती दार आपटायची, भांडी आपटायची, आणि तासाभराने बाहेर येऊन मला एखादं काम सांगायची. दिवा लाव, कचरा टाकून ये, नारळ फोड. तिने काम सांगितलं की भांडण मिटलं असं समजायचं. "माझं चुकलं" हे शब्द तिने उभ्या आयुष्यात कुणाला म्हटले नाहीत, चूक असतानाही नाही. पण त्या दुपारी तिने दार आपटलं नाही. इतकं हलकेच लावलं की कडी सरकल्याचाही आवाज आला नाही, आणि मला फार भीती वाटली.

मी शालूला हाक मारली. "टॅबलेट आण. आत्ताचं हे ओसरीवर ठेव."

"संध्याकाळी ठेवू ना बाबा. अजून तुमचं मिटायचंय."

"नको, आत्ता ठेव. संध्याकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घालून घेईन आणि मग तुला हे गाळायला लावेन. मला ओळखतेस ना. हे मला विसरायचं नाहीये."

तिने ठेवलं. "वृषाली, स्वयंपाकघर, वाल" अशा मथळ्यावर हिरवी खूण उमटली, आणि माझी आठवण तिथे संपते. फोटो तिथेच निघाला.

पुढचे काही आठवडे माझ्याकडे जवळजवळ नाहीत. त्यातलं एवढंच आहे की बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत कबुतराने अंडं घातलं. ते अंडं मी बराच वेळ पाहिल्याचं आठवतं. त्या सगळ्या काळातून शालूने तेवढंच आत पाठवलं.

त्यानंतरची आठवण फ्रीजरची. गुडघा दुखत होता म्हणून बर्फ काढायला गेलो. शालू आतल्या खोलीत कामात होती. फ्रीजर उघडला तर बर्फाला जागाच नव्हती. डबेच डबे. प्लॅस्टिकचे, स्टीलचे, आइस्क्रीमचे रिकामे, श्रीखंडाचे. एक काढला, वाल. दुसरा काढला, वाल. सगळ्यांत सोललेले वाल, आणि एकाही वालाला मोड शिल्लक नाही.

मी ते डबे ओट्यावर मांडत गेलो. ओटा संपला तेव्हा टेबलावर मांडले. हे असे वाल या घरात एकच माणूस सोलतो. माझ्या हिशेबाने वृषाली कालपरवा रागावून आत गेली होती आणि सकाळी शालूने मला सांगितलं होतं की आई पेणला ज्योत्स्नामावशीकडे गेलीय, फोन उचलत नाहीये. मी म्हटलं होतं, नाहीच उचलणार, मी बोललोच तसं. तिची समजूत काढायला म्हणून मी त्या दिवशीही वाल सोलायला बसणारच होतो, ती सगळे सोल म्हणाली होती ना. पण कालपरवापासून आजपर्यंत एवढे वाल होत नाहीत. एका बाईच्या रागाला एवढे वाल लागत नाहीत.

बाकी काही मला येत नसेल, पण समोरच्या खुणांवरून मागे काय झालं असेल ते शोधायचं काम मी पोटासाठी केलेलं आहे.

"शालू," मी हाक मारली. ती आली आणि ओटा पाहून दारातच थांबली. "मी रोज वाल सोलतो का गं?"

तिने पुढे येऊन एका डब्याचं झाकण लावलं.

"आई पेणला नाही ना?"

ती फ्रीजसमोर फरशीवर बसली. फ्रीजचं दार उघडंच होतं, ते बंद करा म्हणून तो पीं पीं करत होता, आणि आम्ही दोघंही ते बंद करेनात.

"कधी?" मी विचारलं.

"त्याच पहाटे, बाबा. झोपेतच. हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल."

"त्याच म्हणजे?"

"वालांच्या दिवसानंतरच्या."

मीही खाली बसलो, तिच्यासमोर. "कालपरवाच तर रागावली होती," एवढंच मी परत परत म्हणत राहिलो. शालूने माझा हात धरला, तो नेमका कुठे धरायचा हे तिला ठाऊक होतं, मनगटाच्या जरा वर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही तिची पहिली वेळ नाही.

"हे तू मला आधी सांगितलंयस?"

"सुरुवातीला रोज. रोज सकाळी तू आईला हाक मारायचास आणि रोज मी सांगायचे. रोज तुझं असंच व्हायचं. मग मला झेपेना. मग पेणचं सांगायला लागले."

"मी तिला अग्नी दिला?"

"दिलास."

"रडलो?"

"खूप. घाटावरून उठत नव्हतास."

"बरं झालं," मी म्हटलं. निदान तिथे मी होतो तरी. "पण शालू, तू ते ओसरीवर का नाही ठेवलंस? त्याच संध्याकाळी ठेवायचं. माझी बायको गेली ते मला माहीत असायला नको?"

"कसं ठेवू?" ती म्हणाली. "आत दुपारचं भांडण गेलं होतं. त्याला लागून हे ठेवलं असतं तर तुझ्याकडे काय राहिलं असतं? आई चिडून खोलीत गेली, आणि गेलीच. तेवढंच. मधलं काही नाही."

"मधलं म्हणजे? मध्ये काय झालं?"

तिने गुडघ्यांत डोकं घातलं आणि तसंच बोलायला लागली. हे आता सांगितलेलं आहे. आठवतं ते तिचं सांगणं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी वृषाली खोलीतून बाहेर आली. माझ्यासमोर बसायची ती त्या दिवशी शेजारी येऊन बसली, परात स्वतःकडे ओढली आणि मला म्हणाली, "ती चाळण दे." काम सांगितलं तिने. मग आम्ही दोघं सोलत बसलो, बराच वेळ, काही न बोलता. शालू पाणी प्यायला पॅसेजमध्ये आली होती, तिथून तिने पाहिलं. वृषाली माझ्या कानाशी वाकली आणि काहीतरी म्हणाली. त्यावर मी इतका हसलो की चष्मा काढावा लागला. मग हसता हसता रडलो. ओले हात तसेच अधांतरी धरून मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि ती माझ्या डोक्यावर हनुवटी ठेवून वाल सोलत राहिली. आपण मध्ये कडमडायला नको म्हणून शालू पाणी न पिताच परत गेली.

"रात्री मी टॅबलेट घेऊन आले," ती म्हणाली, "तर तू पेंगत होतास. आई म्हणाली, झोपू दे त्याला, तूच बघ. मी बघितलं. वृषाली, स्वयंपाकघर, वाल. हिरवी खूण होती. तीच माणसं, तीच जागा, तेच वाल, म्हणून टॅबलेटने सगळं एकाच मथळ्यात धरलं होतं. मला वाटलं, आहे. ठेवलेलं आहे."

"आणि ठिपका?"

"होता." ती वर बघेना. "पिवळा ठिपका होता, बाबा. मी बघितला. बघून मी बंद केलं. तूच मला शिकवलं होतंस. मी रोज ऑफिसातल्या पोरांना शिकवते. ओसरीवरचा फोटो असतो, नंतर बदललं तर परत ठेवा. आणि आईबाबांचं मिटलं याच्याच आनंदात मी ते बंद केलं."

मला तिचा राग आला. खोटं कशाला लिहू. माझ्या पोटच्या पोरीचा मला असा राग आला की तिचा हात मी झटकला, आणि थोडा वेळ तिच्याकडे पाहू शकलो नाही. एकच संध्याकाळ होती. सहा वर्षांत एकदा माझी बायको माझ्याकडे राहणार होती, आणि हिने पिवळा ठिपका बघून बंद केलं. कॉम्प्युटरमध्ये अशी चूक झाली तर मागे जाता येतं, जुनं काढून नवं बसवता येतं. मेंदूत येत नाही. आत गेलेलं भोवतालच्या सगळ्याशी विणलं जातं, ते उसवायला गेलं तर काय काय निघून येईल ते परकारबाईंनाही माहीत नाही. आणि चकतीवरचं पुसलं गेलं ते गेलंच.

फ्रीज ओरडत होता. मी उठून दार लावलं. उभा राहिलो तेव्हा सगळे डबे पुन्हा दिसले, आणि मनात आलं की हे वाल रोज रात्री भिजत कोण घालत होतं. मोड कोण आणत होतं. बाप सकाळी उठून वाल मागेल, सोलता सोलता शांत होईल, म्हणून ही पोर रोज वाल तयार ठेवत होती. सोललेले शिजवायचा तिला धीर नव्हता आणि टाकायचाही नव्हता. आणि दुपारी घाई करून "आत्ता ठेव" म्हणणारा मीच होतो. मी परत खाली बसलो आणि तिचा हात घेतला.

"ती कानात काय म्हणाली?" मी विचारलं.

शालूने वर पाहिलं. पॅसेजपासून टेबलापर्यंत किती अंतर आहे ते मला ठाऊक आहे. तिथे कुजबुज ऐकू येत नाही. जे काय बोलणं झालं ते वृषालीला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. ती पहाटे गेली, आणि माझं सकाळी पुसलं गेलं.

"म्हणाली," शालू म्हणाली आणि सरळ होऊन बसली. "म्हणाली, मंदार, माझं चुकलं."

तिने माझ्या डोळ्यांत नजर रोखली होती, लहानपणी खोटं बोलताना रोखायची तशीच. वृषाली हे कधीच म्हणाली नसती, आणि म्हणाली असती तर मी चष्मा काढून हसलो नसतो. किती आठवडे हे वाक्य तिने तयार करून ठेवलं असेल देव जाणे.

"असं म्हणाली होय," मी म्हटलं. "बरं केलं."

आणि मग ती माझ्या खांद्यावर रडली, तेव्हा बाहीला नाक पुसलं होतं तशी, फक्त आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत.

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, आजची फरशीवरची दुपार ठेव. सगळी. तुझी आई गेली ते, अग्नी दिला ते, मधली संध्याकाळ तू सांगितलीस तशी, आणि ठिपक्याचंही. तिने विचारलं, "ते गाळायचं का? माझं?" मी म्हटलं, "गाळलं तर उद्या मी परत तुझ्यावर चिडेन. एकदा चिडून झालंय, तेवढं पुरे." तिने मथळ्याला हात लावला. हिरवी खूण आली. मग तिला पुन्हा रडू आलं, मी काहीतरी बोललो, आणि खुणेखाली पिवळा ठिपका उमटला. तिने परत ठेवलं. आम्ही परत बोललो. परत ठिपका. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी तिने ठेवलं आणि, हे तिनेच नंतर सांगितलेलं, तोंडावर बोट धरलं. ठिपका येऊ नये म्हणून आम्ही दोघं बापलेक एकमेकांकडे न बघता, तोंडातून शब्द न काढता बसून राहिलो, मला झोप लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वृषालीला हाक मारली नाही. शालू दारात उभी राहून वाट बघत होती. मी म्हटलं, "माहीत आहे मला," आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

हे सगळं मी रोज सकाळी बसून थोडं थोडं लिहिलं आहे. आदल्या दिवशी काय लिहिलं ते आज वाचायचं आणि पुढे जायचं, असं चाललं आहे. वालांचे डबे आम्ही एकेक करून संपवतो. मुंज झालेलं बिरडं असतं, पण बिरडं असतं.

आता रोज संध्याकाळी माझी एक अट असते. दुपारी चारच्या सुमाराला शालू चष्मा डोक्यावर सरकवून खोलीतून बाहेर येते आणि विचारते, "बाबा, चहा टाकू?" रोज हेच. मी म्हणतो, "टाक." पुढे काहीही घडत नाही. ओसरीवर मी सगळ्यांत आधी तेच ठेवायला लावतो.

"यात नवीन काय आहे, बाबा?" तिने काल विचारलं म्हणे, आजही विचारलं. "कालचंच तर आहे. पाऊण तासातली जागा कशाला घालवतोस?"

"काही नवीन नाही," मी म्हटलं. "ठेव."

तिने ठेवलं, आणि खाली ठिपका नाही ना ते वाकून पाहिलं. माझ्याकडे आता अशा पुष्कळ शालू आहेत, सगळ्या सारख्या, चष्मा डोक्यावर आणि चहाचं विचारणाऱ्या. वृषाली अशी एकही नाही. सहा वर्षं ती रोज सकाळी मला काल सांगत होती आणि त्यातली एकही सकाळ मी ठेवली नाही. आजारानंतरची वृषाली माझ्याकडे एकदाच आहे. त्यात ती पदराला हात पुसते, आत जाते आणि दार हलकेच लावून घेते.